वाळूसाठी घेतलेली गाडी

९ जानेवारी

आज पहिली गाडी बघून आलो. पांढरी, अठरा वर्षांची, चारही चाकांना इंजिनाची ताकद जाणारी. मालकानं धुऊनपुसून चकचकीत उभी केली होती. मी पिशवीतून हातोडी काढली तसा त्याचा चेहरा पडला. गाडीखाली आडवा झालो आणि चासीवर मागून पुढे ठोकत गेलो. मागच्या चाकापाशी ठणठणीत आवाज यायच्या जागी भद् असा आला आणि गंजाची खपली माझ्या छातीवर पडली. खाऱ्या वाऱ्यात राहिलेली गाडी वरून कितीही रंगवली तरी पोटाखाली सगळं उघडं पडतं. येतो म्हटलं आणि कपडे झटकून निघालो.

घरी हिनं विचारलं, "अहो, ही गाडी नक्की कशासाठी घ्यायची आहे?"

"हौस. चौतीस वर्षं डेपोत दुसऱ्यांच्या बसची चाकं तपासली. आता एक आपली असावी."

"आणि ती वाळूतच चालायला हवी?"

"वाळूत पण चालायला हवी."

हिनं घड्याळाकडे पाहिलं. तीन वाजले होते. फोन घेऊन बाल्कनीत गेली आणि दार लोटून घेतलं. रोज तीनला जाते. काचेतून हिचे हसताना हलणारे खांदे दिसतात. पलीकडे कोण असतं ते मला माहीत आहे. मी विचारत नाही, ही सांगत नाही, असं तीन वर्षं चाललं आहे.

१३ जानेवारी

दुसरी गाडी बघायला मिस्त्रीला बरोबर नेलं. पूर्वी आमच्याच डेपोत फिटर होता, आता दोन गल्ल्या पलीकडे स्वतःचं गॅरेज आहे. ही गाडी नवी, फक्त नऊ वर्षांची. सगळं बटणावर. मी खूश झालो होतो, पण मिस्त्रीनं बॉनेट उघडून आत पाहिलं आणि हळूच मिटलं.

"काका, ही घेतलीत तर समुद्रकाठी बसून वायरी मोजाल. खारं पाणी एका सेन्सरला लागलं की गाडी रुसली. तुम्हाला हातानं दांडा ओढून चालणारी हवी. जुनी हवी, पण म्हातारी नको."

म्हटलं, माणसांतसुद्धा असा फरक असतो का. तो म्हणाला, "तुमच्याकडे बघून तर असतो असं वाटतं." जीभ तिखट आहे, पण हात चांगला आहे.

२० जानेवारी

घेतली. हिरवी, सव्वीस वर्षांची, डिझेल. एका बागवाल्याकडे होती. आयुष्य चिखलात गेलं, पण समुद्राचं तोंड पाहिलेलं नाही. सीट फाटलेल्या, डावा आरसा तारेनं बांधलेला, दारं लावताना दोनदा आपटावी लागतात. चासीवर हातोडी मारली तर शाळेच्या घंटेसारखा आवाज. चारही चाकं फिरवायचा दांडा वेगळा, हातानं ओढायचा, आणि त्याला अगदी हळू जाणारा एक जादा गिअर आहे.

घरासमोर आणून उभी केली. ही खाली आली, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "रंग बरा आहे." मग वर गेली. साडेअकराच वाजले होते तरी बाल्कनीचं दार लोटलं गेलं.

२३ जानेवारी

ही वही कुणी वाचणार नाही, मग इथे तरी हौस-बिस कशाला लिहायचं.

आमची मुलगी, भिंगरी, वाळूच्या दांडीच्या टोकाला राहते. शाळेत असताना एका जागी बसायची नाही म्हणून हे नाव पडलं. शहराचा रस्ता जिथे संपतो तिथून सोळा किलोमीटर नुसती वाळू, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाजण, म्हणजे खाडीची दलदल. टोकाला कासवांचं केंद्र आहे, चार खोल्यांचं. कासवांनी घातलेली अंडी राखायची, पिल्लं मोजायची आणि पाण्यात सोडायची, हे तिचं काम. ओहोटी असली की पाण्याकाठची ओली वाळू घट्ट होते, तेवढ्या चार तासांत गाडीनं जायचं आणि यायचं. बाकी वेळ वाट नाही.

घर सोडताना ती म्हणाली होती, "बाबा, मी काय करते ते एकदा येऊन बघा. मग बोलू." तीन वर्षांत मी गेलो नाही. केंद्राचा ट्रॅक्टर महिन्यातून दोनदा सामान न्यायला येतो. ही त्यात भाजीच्या पोत्यांवर बसून चार वेळा जाऊन आली. मला दरवेळी विचारते. कसं जाणार? केंद्राच्या ट्रॅक्टरमधून, नाक मुठीत धरून, पोत्यावर बसून, मुलीच्या दारात? जायचं तर आपल्या गाडीनं जायचं.

मला तिची फार आठवण येते. एवढं एक वाक्य लिहायला आज अर्धा तास गेला.

२ फेब्रुवारी

काम जोरात. मागच्या सीट काढून टाकल्या, म्हणजे फळ्या, फावडं, जॅक आणि त्याच्याखाली घालायचा लाकडी पाट यांना जागा झाली. आता गाडीत बसायला दोनच जागा. पुढे-मागे ओढायचे हूक चासीला पक्के केले. स्प्रिंगा बदलून गाडी चार बोटं वर घेतली. पोटाला जाड ग्रीस फासलं, त्यात माझा एक शर्ट गेला.

जेवताना ही म्हणाली, "मागच्या एक्सलच्या श्वासनळीचं काय केलंत? ती वर उचलून घ्यायला हवी. नाहीतर गरम एक्सल गार पाण्यात गेला की पाणी आत ओढून घेतो."

मी घास तसाच धरून बसलो. एकतीस वर्षांच्या संसारात हिला स्टेपनी म्हणजे काय ते विचारावंसं वाटलं नव्हतं. गाडीचा नाद असा घरभर पसरतो म्हणायचा. मिस्त्रीला सांगितलं, तोही म्हणाला, काकू बरोबर बोलतात. रबरी नळी लावून पार बॉनेटपर्यंत आणली.

मग ही आपणहून सांगत होती, की तिथे फेरी पहाटे चारला सुरू होते, आठला संपते आणि मग पोरगी दुपारपर्यंत मेल्यासारखी झोपते. मी वर्तमानपत्र वाचत होतो. एकाच बातमीवर डोळे ठेवून सगळं ऐकलं.

९ फेब्रुवारी

रुंद टायर आले. पाचच्या पाच मी स्वतः तपासले, आतून हात फिरवून, कडा वाकवून. चढवले आणि बत्तीस पौंड हवा भरली. मिस्त्री म्हणाला, "वाळूत शिरायच्या आधी पंधरावर आणा."

मी हसलो. पंधरा पौंडांवर गाडी म्हणजे पंक्चर गाडी. चौतीस वर्षांत कमी हवेची एक बस मी डेपोच्या फाटकाबाहेर सोडली नाही. ड्रायव्हर हातापाया पडले, वरिष्ठांचे फोन आले, तरी नाही. हातोडी मारून आवाजावरून दोन पौंडांचा फरक सांगायचो.

"काका, रस्ता वेगळा, वाळू वेगळी. टायर बसला पाहिजे, पसरला पाहिजे."

"टायर रुंद घेतलेत ते कशाला मग?"

त्यानं खांदे उडवले आणि पाना पुसायला लागला.

१५ फेब्रुवारी

हिनं आज भात वाढता वाढता सांगितलं. भिंगरीची निवड झाली आहे. खूप लांबच्या एका बेटावर, दोन वर्षं. तिथे फोन पंधरा दिवसांतून एकदा. केंद्र यंदा मार्चच्या मध्यावर मिटतं, त्यानंतर ती निघणार.

"कधी ठरलं?"

"डिसेंबरात."

"आणि मला आज सांगतेस?"

"तुम्ही कधी विचारलंत?"

जेवण झाल्यावर हिनं एक कागद हातात दिला. ओहोटीच्या वेळा, पूर्ण महिन्याच्या, आणि खाली लिहिलेलं: वाळूत पंधरा, अडकलात तर बारा, डांबरावर यायच्या आधी परत भरा, ओढ्याच्या तोंडाशी थांबू नका. कुणी दिला विचारलं तर म्हणाली, "दिला एका ओळखीच्यांनी." अक्षर नीटनेटकं आहे. वेळा वहीत उतरवून घेतल्या. खालचा मजकूर सोडून दिला. ज्याला त्याला पंधराचंच वेड.

२३ फेब्रुवारी

गाडी तयार आहे. मी नाही.

तिला कुठल्या तोंडानं भेटायचं ते लिहितो. तीन वर्षांपूर्वी केंद्राचं नेमणुकीचं पत्र घरी आलं तेव्हा दार मी उघडलं. तिला शहरात चांगली नोकरी होती, टेबल-खुर्चीची, बढती होणार होती. पाकीट बघूनच कळलं आत काय आहे. मी ते माझ्या कपाटात, डेपोच्या जुन्या नोंदवह्यांच्या खाली ठेवलं. फाडलं नाही. हजर व्हायची तारीख निघून गेली की आपोआप विषय संपेल, एवढंच डोक्यात होतं. नऊ दिवस ती रोज संध्याकाळी येऊन विचारायची, "बाबा, माझं काही आलं?" आणि मी रोज मान हलवायचो. पत्र शेवटी तिलाच सापडलं. ती भांडली नाही. त्या रात्रीच्या जेवणाला बसली, आईला वाढायला मदत केली आणि दुसऱ्या दिवशी गेली. भांडली असती तर बरं झालं असतं.

चार ड्रायव्हरांसमोर मी ताठ मानेनं सांगायचो, की मी कुणाची वाट अडवत नाही, फक्त धोका अडवतो.

३ मार्च

मिस्त्रीकडे गेलो. म्हटलं, बंपर जरा बदलावा का.

"काका, गाडी पंधरा दिवसांपूर्वीच पुरी झाली. आता तुम्ही तिला नुसते दागिने घालताय."

बंपर तसाच ठेवला. दुपारी गल्लीत, बंद गाडीत बसून बोलायचं वाक्य पाठ केलं. शेजारचे कुत्रं घेऊन जाताना दोनदा वाकून बघून गेले.

१२ मार्च

सगळं सविस्तर लिहितो, हात दुखत आहेत तरी.

ओहोटी दहा पन्नासची. नऊला वाळूत उतरलो. पहिले दहा किलोमीटर असे काही गेलो की शीळ घातली. ओली, घट्ट वाळू, डावीकडे पाणी, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये गुणगुणत होती. बत्तीस पौंड हवा, आणि काही बिघडलं नव्हतं. मनातल्या मनात मिस्त्रीला चार शब्द सुनावले.

तेराव्या किलोमीटरला खाजणाचा ओढा समुद्राला मिळतो, तिथे वाळू कोरडी आणि भुसभुशीत. बघायला थांबलो आणि तिथेच घोडं अडलं. निघताना चाकं जागीच फिरली. मी जोर दिला. जोर दिल्यावर आणखी आत गेली. गाडीचं पोट वाळूला टेकलं.

फावड्यानं उपसलं. फळ्या घातल्या, चाकांनी त्या मागे भिरकावल्या. पुन्हा घातल्या. अकरा वाजून गेले, पाणी वळलं होतं. हवा उतरवावी हे सुचलं नाही असं नाही. दोनदा चाकापाशी बसलो, व्हॉल्व्हचं टोपण काढलं आणि परत लावलं. हातच होईना. चांगल्या भरलेल्या टायरची हवा सोडायची, हे मी जन्मात केलेलं नाही.

मान वर केली तर टोकाकडून कुणीतरी चालत येत होतं. चालण्यावरून लांबूनच ओळखलं. टोपी, बाह्या दुमडलेल्या, काळी पडली आहे, बारीक झाली आहे. खांद्यावर पाण्याची बाटली आणि हातात हवेचा मीटर.

"फेरीवर होते," ती म्हणाली. "गाडी दिसली."

"फेरीवर मीटर लागतो?"

तिनं खांद्यावरची बाटली दिली. मी प्यालो. तिनं गाडीभोवती फेरी मारली, अगदी तिच्या आईसारखी, आणि खाली वाकून श्वासनळी कुठवर नेली आहे ते बघून घेतलं.

"हवा किती आहे?"

"बत्तीस."

"आईजवळ कागद दिला होता. मिळाला नाही का?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. तो कागद, एक्सल, रोजचे तीन वाजताचे फोन.

"मिळाला," म्हटलं. "तुझं अक्षर ओळखलं नाही."

ती पुढच्या चाकापाशी उकिडवी बसली, टोपण काढलं आणि हवा सोडली. फुस्स आवाज सुरू झाला. मी जाऊन दुसऱ्या चाकापाशी बसलो. "पंधरा नको, बारावर थांबा," ती पलीकडून म्हणाली. रुंद टायरची हवा उतरायला वेळ लागतो. गाडी मध्ये होती, तिचा चेहरा दिसत नव्हता. पाठ केलेलं वाक्य आठवेना, म्हणून सरळ सांगितलं.

"तुझं पत्र मी ठेवून घेतलं होतं. नऊ दिवस."

"अकरा," ती म्हणाली. "पाकिटावर शिक्का होता."

मी नऊच समजत होतो, इतकी वर्षं. "चुकलं माझं," म्हटलं. पलीकडे टोपण फिरवल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "आता मागची दोन."

गाडी पहिल्या झटक्यात निघाली, काही घडलंच नसल्यासारखी.

केंद्रावर जेमतेम चाळीस मिनिटं मिळाली. तिनं घरटी दाखवली, म्हणजे वाळूत रोवलेल्या काठ्या, प्रत्येकीवर नंबर. मग नोंदवही दाखवली. तारीख, वेळ, किती अंडी, किती फुटली, किती पिल्लं पाण्यापर्यंत पोचली. खाडाखोड नाही, एक दिवस सुटलेला नाही. मी दोनशे पानं उलटली असतील. डेपोत माझ्या हाताखाली अशी नोंद ठेवणारा एकही नव्हता. तसं तिला सांगितलं. तिनं वही मिटली, तिच्यावरून हात फिरवला आणि खिडकीतून पाण्याकडे पाहिलं.

"निघा बाबा, पाणी चढतंय," ती म्हणाली.

१३ मार्च

अंग आंबून गेलं आहे. ही पाठीला शेक देताना एकदम हसायला लागली. "बत्तीस," म्हणाली आणि पुन्हा हसली. बातमी आधीच पोचलेली.

१९ मार्च

केंद्र मिटलं. ट्रॅक्टरच्या शेवटच्या फेरीत भिंगरी घरी आली. आठ दिवस राहणार. तिच्या चपला दारात आहेत.

२४ मार्च

लिहिण्यासारखं काही नाही आणि खूप आहे. ती दहापर्यंत झोपते. उठून गाडीचा तारेनं बांधलेला आरसा नीट बसवून दिला. दोघी मायलेकी माझी टिंगल करतात आणि मी रागावल्याचं नाटक करतो. संध्याकाळी तिघं चालायला जातो.

बेटाविषयी मी सगळं विचारलं. पाणी कुठलं, दवाखाना किती लांब, बोट किती दिवसांनी. महिन्यातून एकदाच बोट येते आणि ती दांडीच्या टोकाहून माणसं घेते, कारण तिथे पाणी खोल आहे. ट्रॅक्टर गेला, म्हणजे तिला टोकापर्यंत न्यायला आमची गाडी सोडून दुसरं काही नाही. ती म्हणाली, "बाबा, सोडाल ना?" म्हटलं, त्यात काय विचारायचं.

जाऊ नकोस, हे ओठांवर येतं आणि मी काहीतरी खायला मागतो. पाच दिवसांत वजन वाढलं आहे.

२७ मार्च

ओहोटी अकराची, बोट साडेअकराची. गाडीत दोनच जागा, त्यामुळे हिनं घरीच निरोप घेतला. "तुमच्यासमोर वाळूत रडत बसण्यापेक्षा इथे दार लावून रडते," म्हणाली आणि खरंच आत जाऊन दार लावलं.

रस्ता संपतो तिथे हवा उतरवायला थांबलो. आता चारही चाकं मीच करतो. तिसऱ्या चाकाशी बसलो असताना मनात जे आलं ते लिहितो, कारण आलं होतं. ओढा मध्ये आहे. एका चाकात हवा जरा जास्त ठेवली, ओढ्याशी जरा थांबलो, की तास-दीड तास गेलाच. बोट थांबत नाही. पुढची महिन्यानं. पूर्ण एक महिना दारात चपला. कुणाला कळलंही नसतं, म्हाताऱ्याचा हात चुकला म्हणाले असते.

भिंगरीकडे पाहिलं. ती पुढच्या सीटवर बसून केस बांधत होती, समुद्राकडे बघत. मीटर तिच्या पिशवीत होता. तिनं तो काढलाच नाही, किती ठेवली हेही विचारलं नाही.

चारही चाकं पंधरावर आणली, प्रत्येक माझ्या मीटरनं दोनदा मोजून. ओढा न थांबता पार केला. टोकाला पोचलो तेव्हा दहा पन्नास झाले होते. चाळीस मिनिटं आधी.

बोलायचं खूप होतं. पण ती पहाटेपासून सामान बांधत होती, खिडकीला डोकं टेकून बघता बघता झोपली. मी इंजिन बंद केलं आणि तसाच बसलो. तिचं तोंड थोडं उघडं राहतं, लहानपणी राहायचं तसं. स्टिअरिंगवरचा हात दुखला तरी हलवला नाही. सव्वा अकराच्या सुमाराला क्षितिजावर बोट दिसली, मुंगीएवढी. ती झोपेतच होती. हाक मारायला मला जरा वेळ लागला. पण मारली.

"आली?" तिनं डोळे चोळत विचारलं.

"आली. ऊठ."

सामान उचलून मी गुडघाभर पाण्यापर्यंत गेलो. तिनं बोटीत चढायच्या आधी माझा हात धरला, ग्रीसनं काळा झालेला, आणि थोडा वेळ धरूनच ठेवला. बोट वळली तेव्हा ती हात हलवत होती. दिसत होती तोवर मीही हलवला आणि त्यानंतरही थोडा वेळ.

परतीची वेळ झाली होती. ओल्या वाळूत आम्ही आलो त्या चाकांच्या खुणा सरळ गेल्या होत्या, पाणी अजून तिथवर चढलं नव्हतं. जुन्या खुणेतून चालवली तर वाळूत गाडी हलकी जाते. मी त्या खुणांवर चाक घातलं नाही. सोळा किलोमीटर त्यांच्या कडेकडेनं गाडी आणली.